कडेपासून दोन बोटं

स्क्रू निघाला तो करंगळीच्या नखाएवढा.
गेथिननं पकडीत धरून उजेडात फिरवला
आणि माझ्या तळहातावर ठेवला,
पडलेला दुधाचा दात द्यावा तसा.

मधोमध असता तर प्रश्न नव्हता, म्हणाला.
पार कडेला असता, तरी नव्हता:
टायर भंगारात, तू दुकानात, मी चहाला.
हा नेमका हद्दीवर.
पोलादी पट्टी लावून दोनदा मोजलं,
दोन्ही वेळा वेगळं आलं.
मी दोन बोटं ठेवून बघितली.
माझी बोटं बारीक आहेत, त्याची जाड.

वेल्समधलं हे गाव, लानिडलोइस.
सात वर्षं राहते, पण
नावातला पहिला 'ल' अजून मला जमत नाही;
जीभ दाताला लावून हवा सोडायची असते,
हळूच, कडेनं,
गळक्या ट्यूबसारखी.

आतून ठिगळ. भोकात रबराचा देठ,
अळंबीसारखा, टोपी आत, दांडा बाहेर.
मग साबणाचं पाणी.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो
बुडबुडा येतो का.
नाही आला.
न येणाऱ्या गोष्टीकडे किती वेळ बघितलं
म्हणजे ती येणार नाही असं धरायचं?

वीस पौंड झाले. नव्याचे एकशे दहा.
"ठेव विश्वास," म्हणाला.
त्याला कुठं सांगत बसू,
आमचा विश्वास पानिपतावर गेला तो गेलाच.

विचारलं, तुझ्या मुलीला बसवशील यावर?
त्यानं हात पुसले.
पुसलेले हात पुन्हा पुसले.
"न्यूटाउनपर्यंत, बाजाराला, बसवीन.
बर्मिंगहॅमला नाही. सत्तरनं तर नाहीच."

मला बर्मिंगहॅमलाच जायचं होतं,
शुक्रवारी, पहाटे चारला निघून,
विमानतळावर मकरंदला आणायला,
मागे झोपलेल्या ओजसला घेऊन.

मग हे चाक लावायचं कुठं?
पुढे उजवीकडे मी.
पुढे डावीकडे, येताना, मकरंद.
मागे डावीकडे ओजसची खुर्ची,
तिच्या फटीत बिस्किटांचा चुरा.
मागे उजवीकडे कुणीच नाही, नुसत्या बॅगा.
तिथं लाव, म्हटलं.
गेथिन हसला नाही. लावलं त्यानं.
शेवटचा बोल्ट आवळता आवळता एवढंच म्हणाला,
"फुटलं ना, तर गाडीच फिरते.
कोण कुठं बसलंय, बघत नाही."

बुधवारी रात्री हवा तेहतीस.
गुरुवारी सकाळी साडेबत्तीस.
अर्धा गेला कुठं?
थंडीनं आकसला, का मीटर काढताना
फुस्स झालं, तेवढाच तो?
पुन्हा मोजलं तर पुन्हा फुस्स होणार.
मोजल्यानंच कमी होत जाणारी ही कसली खात्री?

टॉर्च दातात धरून चाकाशी उकिडवी बसले होते.
शेजारच्या मिसेस प्रॉसर दुधाची बाटली घेऊन थबकल्या,
काही हरवलंय का, विचारलं.
नाही, म्हटलं. असं म्हणता येणार नाही.

तुलनेला म्हणून बाकीची तिन्ही मोजली.
मागचं डावं: साडेबत्तीस. म्हणजे थंडीच.
पुढचं उजवं: बत्तीस. ठीक.
पुढचं डावं, ज्याला कधी काही झालं नव्हतं,
ज्याच्याबद्दल मी कुणाला एक अक्षर विचारलं नव्हतं,
ते सव्वीस.

ते गुबगुबीत, निवांत उभं होतं
फुटपाथच्या कडेला.
तळव्यानं दाबून बघितलं. काहीच कळलं नाही.

मकरंदला मेसेज केला:
विमानतळावरून ट्रेन पकड, केअरसूसला उतर.
तिथपर्यंत येते. सात-आठ मैल. चाळीसनं.
त्याचं उत्तर आलं: का? काय झालं?
काय झालं, ते अजून झालेलं नव्हतं,
म्हणून काही लिहिलं नाही.

आठला गेथिननं शटर उचललं.
मी दारातच.
"गेली हवा? ठिगळ सुटलं?"
नाही रे, म्हटलं, ते चांगलं आहे.
दुसरं बघ.